केसाएवढा फायबर आणि नॅनोग्रॅमचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी पावसाळ्यात प्रयोगशाळेत नवी मुलं येतात आणि दिवाळीपर्यंत तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून होतात. चहा पिता पिता दिलेली उत्तरं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतोय. विषय एकच: पाण्यातली अत्यल्प रसायनं ओढून घेणारे लेप दिलेले फायबर आपल्या हातांनी बनवणं. आधीच सांगून टाकतो, लेप चढवणं हे एका दुपारचं काम आहे. तसाच लेप दहाव्यांदा चढवायला आम्हाला वर्ष लागलं.

एसपीएमई म्हणजे नेमकं काय?

सॉलिड फेज मायक्रोएक्स्ट्रॅक्शन. फ्यूज्ड सिलिकाची साधारण ११० मायक्रॉन जाडीची काडी घ्यायची, तिच्या टोकाच्या एक सेंटिमीटरवर पॉलिमरचा पातळ थर चढवायचा आणि ती सिरिंजच्या सुईत दडवायची. सुई व्हायलच्या (नमुन्याच्या छोट्या बाटलीच्या) सेप्टममधून, म्हणजे रबरी बुचातून, आत घातली आणि दट्ट्या दाबला की काडी बाहेर येते. पाण्यातली सेंद्रिय रसायनं थरात शिरतात. ठरलेल्या वेळाने काडी पुन्हा सुईत ओढायची आणि तीच सुई जीसीच्या (गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राच्या) गरम इंजेक्टरमध्ये खुपसायची. उष्णतेने रसायनं सुटतात आणि थेट कॉलमवर, म्हणजे त्यांना वेगवेगळं करणाऱ्या लांब नळीत, जातात. विद्रावकाचा थेंबही लागत नाही.

ही कल्पना कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या यानुश पावलिशिन यांची. कॅथरीन आर्थर यांच्यासह त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९९० सालचा. त्यांनी वापरली होती दूरसंचारासाठी बनलेली ऑप्टिकल फायबर आणि साधी हॅमिल्टन सिरिंज. १९९३ पासून सुपेल्कोने तयार फायबर विकायला सुरुवात केली.

एक सेंटिमीटरच्या लेपात असं मावतं तरी किती? लिटरभर पाणी काढणारी जुनी पद्धत बरी नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर कागदावर मांडता येतं.

शंभर मायक्रॉन जाडीच्या पीडीएमएस (पॉलिडायमिथिलसिलॉक्सेन, एक सिलिकोन) लेपाचं आकारमान सुमारे ०.६ मायक्रोलिटर भरतं. एखादं रसायन पाण्यापेक्षा लेपात किती पट जास्त रमतं, तो त्याचा वितरण गुणांक. तो दहा हजार धरा. मग ०.६ मायक्रोलिटर लेप म्हणजे त्या रसायनाच्या दृष्टीने ६ मिलीलिटर पाणी. नमुना १० मिलीलिटरचा असेल तर १६ पैकी ६ भाग, म्हणजे ३७.५ टक्के रसायन लेपात येईल. पाण्यात ते लिटरला एक मायक्रोग्रॅम असेल तर व्हायलमध्ये १० नॅनोग्रॅम आहे आणि फायबरवर ३.७५ नॅनोग्रॅम. ते सगळंच्या सगळं कॉलमवर जातं.

आता जुनी पद्धत. सेपरेटिंग फनेलमध्ये एक लिटर पाणी, त्यात ६० मिलीलिटर डायक्लोरोमिथेन तीन वेळा. हलवा, वाफ सोडा, इमल्शन झालं की डोक्याला हात लावून बसा. मग सगळं आटवून एक मिलीलिटरवर आणा. समजा हजारच्या हजार नॅनोग्रॅम निघाले, तरी जीसीत आपण टोचतो एक मायक्रोलिटर, म्हणजे एक नॅनोग्रॅम. लिटरभर पाण्यातून एक, दहा मिलीलिटरमधून पावणेचार.

पण हा हिशेब उलटाही फिरतो. बेंझीनचा गुणांक पीडीएमएससाठी सुमारे १२५ आहे. तेच गणित केलं तर लेपात एक टक्काही येत नाही, ०.७४ टक्क्यांवर गाडी थांबते. म्हणून लेप कोणता, हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवायचा.

मग लेप कसा निवडायचा?

ढोबळ नियम जुनाच: समान समानाला ओढतो. अध्रुवीय रसायनांना पीडीएमएस, फिनॉलसारख्या ध्रुवीयांना पॉलिॲक्रिलेट, हलक्या आणि उडून जाणाऱ्यांना कार्बोक्सेन मिसळलेला लेप, मधल्यांना डायव्हिनाइलबेंझीन.

पण खरा फरक वेगळा आहे आणि तो मुलं विसरतात. पीडीएमएस हा घट्ट द्रवासारखा वागतो, रसायन त्यात विरघळतं. एकाने जागा घेतली म्हणून दुसऱ्याला अडचण होत नाही. कार्बोक्सेन आणि डायव्हिनाइलबेंझीनमध्ये मात्र रसायन छिद्रांच्या पृष्ठभागावर बसतं. तिथली जागा एसटीच्या सीटसारखी मोजकीच. गर्दी झाली की जास्त जवळीक असलेला येतो आणि आधी बसलेल्याला उठवतो. त्यामुळे स्वच्छ पाण्यात मात्रा आणि सिग्नल यांची सुरेख सरळ रेषा देणारा लेप सांडपाण्यात वाकडी रेषा देतो, आणि हलक्या रसायनाचा पीक (आलेखातला उंचवटा) वेळेबरोबर वाढायच्या ऐवजी कमी होत जातो. असा आलेख आला तर मशीनला शिव्या देऊ नका. वेळ कमी करा किंवा नमुना पातळ करा.

विकत मिळतात तर बनवायचे कशाला?

तीन कारणं. एक, किंमत. एकेक फायबर हजारोंच्या घरात जातो, नीट वापरला तर पन्नास ते शंभर वेळा चालतो, आणि नव्या मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी मोडतो. दोन, बाजारातल्या लेपांचे प्रकार मोजकेच आहेत. आपल्याला हवं ते रसायन त्यांच्यात बसेलच असं नाही. तीन, यातून खूप शिकायला मिळतं. हे तिसरं कारण अनुदानाच्या अर्जात लिहू नये.

नेहमीच्या तपासण्यांसाठी अहवाल द्यायचा असेल तर मात्र विकतचाच घ्या. हे मी स्वतः फायबर बनवणारा माणूस म्हणून सांगतोय.

काडी काचेची घ्यावी की स्टीलची?

काचेवर लेप चांगला बसतो, कारण तिच्या पृष्ठभागावरचे सिलॅनॉल गट (सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल) लेपाशी रासायनिक बंध जोडतात. पण वरचं पॉलिइमाइडचं आवरण जाळून काढलं की ती इतकी ठिसूळ होते की जोरात शिंकलात तरी धडधडतं.

स्टीलची तार वाकते पण तुटत नाही. तिची अडचण अशी की गुळगुळीत धातूवर काही टिकत नाही. मग ती आम्लात खरवडून खडबडीत करायची. बरेच शोधनिबंध यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल सांगतात. आमच्याकडे त्याला परवानगी नाही. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसताना आणि शेजारी जाणता माणूस नसताना त्या बाटलीला हात लावायचा नाही, विषय संपला.

आमचा पर्याय पॉलिडोपामाइन. पीएच ८.५ च्या ट्रिस बफरमध्ये मिलीलिटरला दोन मिलिग्रॅम डोपामाइन टाकायचं आणि तार बुडवून ठेवायची. द्रावण आधी चहासारखं तपकिरी होतं, मग शाईसारखं काळं. तारेवर जो पातळ पापुद्रा बसतो तो जवळपास कशालाही चिकटतो. २००७ साली ही युक्ती पुढे आली ती शिंपल्यांच्या चिकटपणावरून. मालवण-गोव्याकडे खडकाला घट्ट धरून बसलेले शिणाणे लाटांना दाद देत नाहीत, त्यांच्या डिंकाचं हे रसायनशास्त्र. आमच्या एका मुलीने हे ऐकल्यावर विचारलं, मग हा फायबर जेवणात चालेल का? नाही.

सोल-जेल लेप प्रत्यक्षात कसा चढवता?

सोल-जेल म्हणजे सोल नावाचं द्रावण काडीवरच गोठून जेलचा घट्ट थर होणं. फायबरसाठी ही वाट १९९७ मध्ये साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या अब्दुल मलिक यांच्या गटाने दाखवली. आम्ही थोड्याफार फरकाने तीच चालतो.

काडीचं टोक ज्योतीवर धरून आवरण जाळायचं, मऊ कापडाने पुसायचं. मग एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर, पाण्याने धुणं, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात अर्धा तास, पुन्हा धुणं, वाळवणं. कॉस्टिक सोडा काचेवर सिलॅनॉल उघडे करतो, आम्ल उरलेला सोडा मारतं. कंटाळा करून ही पायरी गाळलेले फायबर मला दुरून ओळखू येतात. तिसऱ्या इंजेक्शनला लेप सालीसारखा निघतो.

सोलमध्ये मिथिलट्रायमेथॉक्सिसिलेन, दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल असलेलं पीडीएमएस, थोडं पॉलिमिथिलहायड्रोसिलॉक्सेन आणि पाच टक्के पाणी असलेलं ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्ल. घुसळायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचा निवळ भाग घ्यायचा. त्यात काडी वीस मिनिटं उभी बुडवायची, बाहेर काढून वाळवायची, आणि ताज्या सोलमध्ये पुन्हा बुडवायची. जाडी हवी तितकी होईपर्यंत.

काडी बाहेर काढताना हाताने ओढू नका. जितकी जोरात ओढाल तितका थर जाड बसतो, आणि हाताचा वेग कधीच सारखा नसतो. आम्ही भंगारातल्या प्रिंटरची स्टेपर मोटर बसवली आणि एका झटक्यात फायबरांमधला फरक निम्म्यावर आला. इतर कोणत्याही सुधारणेने एवढा फायदा झाला नाही.

लेप तडकतो. का?

बहुतेक वेळा घाईमुळे. जेलमधून विद्रावक वेगाने गेला की आकुंचनाचा ताण येतो आणि थराला तळ्यातल्या वाळलेल्या गाळासारख्या भेगा पडतात. मे महिन्यात पंख्याखाली वाळवलेला एकही लेप आमच्याकडे टिकलेला नाही. डेसिकेटरमध्ये रात्रभर ठेवा आणि नंतर तापमान पायरीपायरीने वाढवा.

पावसाळ्यात उलटं दुखणं. सिलेनची बाटली वारंवार उघडली की दमट हवा आत जाते, हायड्रोलिसिस आधीच सुरू होतं आणि सोल काडी बुडवायच्या आत घट्ट होतो. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. लहान बाटल्या घ्या, महाग पडल्या तरी.

जाडी कशी मोजायची? वजन करून चालेल?

नाही. शंभर मायक्रॉनच्या लेपाचं वजन सुमारे अर्धा-पाऊण मिलिग्रॅम. आपला तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. म्हणजे चूकच सहाव्या-सातव्या हिश्श्याची. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकात मायक्रोमीटर लावून तीन ठिकाणी व्यास मोजा, त्यातून उघड्या काडीचा व्यास वजा करून निम्मं करा. एसईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) फोटो प्रबंधासाठी काढायचाच असतो, तो एका फायबरचा काढा. बाकीच्यांना सूक्ष्मदर्शक पुरतो.

ब्लँकमध्ये एवढे पीक कुठून येतात?

ब्लँक म्हणजे नमुन्याशिवाय केलेलं मोजमाप. त्याच्या मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंच्या तुकड्यांच्या वस्तुमानांच्या आलेखात) ७३, २०७, २८१ दिसले तर ते सिलॉक्सेन आहेत: लेप, सेप्टम किंवा कॉलम, तिघांपैकी कुणीतरी झिजतंय. फायबर न घालता नुसती जीसी चालवा. तरीही पीक आले तर फायबर निर्दोष आहे. १४९ दिसला तर थॅलेट, म्हणजे कुठेतरी प्लास्टिक शिरलंय. हातमोजे, झाकणं, पिपेटचं टोक यांचा माग काढा.

बाकी पीक हवेतून येतात, आणि हे मुलांना पटायला वेळ लागतो. फायबरला चांगलं रसायन कोणतं आणि वाईट कोणतं हे कळत नाही, समोर आलं ते तो घेतो. एकदा सलग चार दिवस सकाळच्या ब्लँकमध्ये टर्पिनिओल दिसत होतं. दुपारी गायब. नमुने बदलले, काचसामान बदललं, सेप्टम बदलला. पाचव्या दिवशी मी लवकर आलो तर मावशी फरशी पुसत होत्या. फिनाईलने. पाइन तेलाचा तो वास रात्रभर टेबलावर उघडा राहिलेल्या फायबरमध्ये जाऊन बसायचा. मावशींचा काही दोष नाही. फायबर सुईत ओढून, सुईचं तोंड सेप्टमच्या तुकड्यात खुपसून ठेवायचा असतो.

नव्या फायबरला वापराआधी इंजेक्टरमध्ये भाजून घ्यावं लागतं. विकतच्या शंभर मायक्रॉन पीडीएमएसला २५० अंशांवर अर्धा तास. घरच्या फायबरचं तापमान हळूहळू वाढवा आणि ब्लँक स्वच्छ येईपर्यंत मोजमापाला हात लावू नका.

फायबर पाण्यात बुडवायचा की वरच्या हवेत धरायचा?

रसायन उडणारं असेल तर हवेत. पाण्यातला चिखल, प्रथिनं, तेल यांच्याशी लेपाचा संबंध येत नाही आणि फायबर कितीतरी जास्त टिकतो.

जिओस्मिनचं उदाहरण घ्या. पहिल्या पावसाला मातीचा जो वास येतो तो मुख्यतः याचाच. अत्तरात त्याचे पैसे मोजतो, नळाच्या पाण्यात आला की तक्रार करतो. माणसाच्या नाकाला तो लिटरला दहा नॅनोग्रॅमच्या आसपासही कळतो, म्हणून तपासणीलाही तेवढ्या खाली जावं लागतं. व्हायल गरम करायची, पाण्यात भरपूर मीठ घालायचं, ढवळायचं आणि फायबर वरच्या हवेत धरायचा. मिठामुळे पाण्याची विरघळवून ठेवायची ताकद घटते आणि रसायन हवेत, तिथून लेपात ढकललं जातं. मीठ वापरण्याआधी मफल भट्टीत ४०० अंशांवर काही तास भाजा. पाकिटातल्या मिठाबरोबर काय काय येतं ते ब्लँकमध्ये एकदा पाहाच.

जड कीटकनाशकं हवेत येत नाहीत, तिथे बुडवण्याला पर्याय नाही. बुडवलात तर बाहेर काढल्यावर दोन-तीन सेकंद शुद्ध पाण्यात बुचकळा, नाहीतर मिठाचे कण इंजेक्टरमध्ये जातात.

किती वेळ ठेवायचा?

पाच, दहा, वीस, चाळीस, ऐंशी मिनिटं असा आलेख काढा. रेषा सपाट झाली तिथे समतोल. जाड लेपाला आणि मोठ्या गुणांकाच्या रसायनाला तास न् तास लागतात. तेवढं थांबायची गरज नाही. आधी थांबलात तरी चालतं, फक्त वेळ, तापमान आणि ढवळण्याचा वेग प्रत्येक वेळी तोच हवा.

शुद्ध पाण्यात सगळं छान येतं, नदीच्या पाण्यात आकडा निम्म्यावर येतो. फायबर खराब आहे का?

फायबर खरंच सांगतोय, फक्त तुम्ही विचारलं होतं त्याहून वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतोय.

नदीच्या पाण्यात ह्युमिक आम्लं असतात, गाळाचे कण असतात. जुलैतलं पंचगंगेचं किंवा मुठेचं गढूळ पाणी डोळ्यासमोर आणा. डीडीटीसारखं पाण्याला नको असलेलं रसायन त्या कणांना चिकटून राहतं. फायबरला मिळतं ते पाण्यात मोकळं फिरणारंच. माशाच्या कल्ल्यातूनही मुख्यतः तेच आत जातं, त्यामुळे विषारीपणाचा अभ्यास करणाऱ्यांना हाच आकडा हवा असतो. पण तुम्हाला एकूण प्रमाण सांगायचं असेल तर ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घातलेलं तेच रसायन अंतर्गत मानक म्हणून, म्हणजे तुलनेसाठी ठरलेल्या मात्रेत, नमुन्यात मिसळा आणि कणांशी जुळवून घ्यायला त्याला वेळ द्या, किंवा त्याच पाण्यात वाढत्या मात्रा घालून रेषा काढा. शुद्ध पाण्यावर काढलेली रेषा नदीच्या नमुन्याला लावायची नाही.

याच कारणाने शोधनिबंधातली ९८ टक्के रिकव्हरी जपून वाचा. ती बहुधा सापेक्ष असते: नदीच्या पाण्यातला पीक भागिले शुद्ध पाण्यातला पीक. प्रत्यक्ष लेपात आलेलं रसायन दोन टक्केही असू शकतं. त्यात लबाडी नाही, पण दोन आकडे एकाच शब्दाखाली येतात आणि तोंडी परीक्षेत मुलं हमखास तिथेच अडकतात.

किती खालपर्यंत मोजता यायला हवं?

मर्यादा पाहून ठरवा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती: ॲट्राझीनला लिटरला २ मायक्रोग्रॅम, मिथाइल पॅराथिऑनला ०.३, ऑल्ड्रिन-डायल्ड्रिनला ०.०३. युरोपीय संघात बहुतेक प्रत्येक कीटकनाशकाला ०.१ आणि सगळे मिळून ०.५. मर्यादेच्या एक तृतीयांशावरही खात्रीने आकडा देता आला तर आम्ही पद्धत चालू शकते म्हणतो. त्याच्या शंभर पट खाली जाण्यात शोधनिबंधाची हौस असते.

एमओएफ, ग्राफीन, नॅनोट्यूब यांचा लेप का देत नाही?

देतो, पण कौतुक जपून करतो. एमओएफचा (धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळीचा) पहिला फायबर २००९ च्या सुमारास आला आणि त्यानंतर पूर आला. यातल्या काही एमओएफना पाण्याचंच वावडं असतं. पाण्याच्या तपासणीसाठी पाण्यात मोडणारा लेप बनवण्यात अर्थ नाही. नवा लेप चांगला म्हणायचा तर तीच जाडी, तोच नमुना, तोच वेळ ठेवून विकतच्या लेपाशी तुलना हवी. शिवाय एका फायबरवर पाचदा मोजून आलेला फरक वेगळा आणि पाच वेगवेगळ्या फायबरांमधला वेगळा. दुसरा आकडा शोधनिबंधात सापडला नाही तर मी पान उलटतो.

कोणत्या रसायनांना हे चालत नाही?

ज्यांना पाणीच प्रिय, त्यांना. ग्लायफोसेट हे तणनाशक लेपाकडे ढुंकून पाहत नाही. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे, ज्याला आपले बागायतदार लिहोसीन म्हणून ओळखतात. तो कायम विद्युतभारित रेणू; जीसीवर तो तसाच उडणार नाही आणि पीडीएमएसमध्ये शिरणार नाही. तिथे एलसी-एमएसच (द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेलं मास स्पेक्ट्रोमीटर) हवं.

पाण्याचा नमुना कसा आणायचा?

काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता, बर्फात. नळाचं पाणी असेल तर बाटलीत आधीच थोडं ॲस्कॉर्बिक आम्ल किंवा सोडियम थायोसल्फेट टाका. नाहीतर उरलेला क्लोरीन वाटेत काम करत राहतो आणि क्लोरोफॉर्म वाढलेलं दिसतं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत आणलेला नमुना आम्ही घेत नाही. परत पाठवतो, रागावलात तरी.

फायबर इंजेक्टरमध्ये मोडला. आता?

आधी सांगा. लपवू नका. तुकडा लायनरमध्ये (इंजेक्टरमधल्या काचेच्या नळीत) राहतो आणि पुढच्या माणसाच्या प्रत्येक इंजेक्शनला थोडं थोडं सोडत राहतो. इंजेक्टर थंड होऊ द्या, लायनर काढा, उजेडात धरून पाहा. लायनर ०.७५ मिलीमीटर आतल्या व्यासाचा अरुंदच बसवलेला होता ना, आणि सेप्टम कितव्या टोचणीचा होता, हेही वहीत लिहा. फायबर सुईच्या बाहेर असतानाच सुई ओढली असेल तर तेही लिहा. वहीच्या त्या पानावर माझं नाव असं सात वेळा आहे.